नाटक शिकवणाऱ्या बाईंविषयी लिहिताना

प्रिय चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा मसुदा मिळाला. हायस्कूलमध्ये तुम्हाला नाटक शिकवणाऱ्या बाईंच्या स्मृतिसभेत बोलण्याचे आणि त्यानंतर निघणाऱ्या स्मरणिकेसाठी त्यांच्या आयुष्यावर मुख्य लेख लिहिण्याचे काम माजी विद्यार्थ्यांनी तुझ्यावर सोपवले, याचे मला आश्चर्य वाटले नाही. तू लिहितोस हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि अशा वेळी जो लिहितो त्याच्याकडेच बोट दाखवले जाते. मसुदा लक्षपूर्वक वाचला. त्यात बाई प्रेमळ आहेत, शिस्तप्रिय आहेत, हाडाच्या कलावंत आहेत, विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या आई आहेत, आणि शेवटी कधीही भरून न निघणारी पोकळी आहे. यातला एकही शब्द खोटा नसेल. परंतु मी तुझ्या बाईंना कधी भेटलेली नाही, आणि मसुदा वाचून संपला तेव्हाही त्या मला भेटल्या नव्हत्या. त्यांच्या नावाच्या जागी दुसऱ्या कोणत्याही शिक्षिकेचे नाव घातले असते, तरी लेखातली एक ओळ बदलावी लागली नसती. तुझ्या भावनेविषयी मला शंका नाही. लिहिण्याची रीत मात्र बदलावी लागेल, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहिते आहे.

नटाला ‘दुःख दाखव’ असे सांगितले की तो कपाळावर हात मारून घेतो, हे तू तालमीत पाहिले असशील. रशियन नट-दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीने १८९८ साली नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांच्यासह मॉस्को आर्ट थिएटर उभे केले आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत नटाच्या मनातली भावना कशी जागी करावी याचाच शोध घेतला. मात्र अखेरच्या वर्षांत तो ज्या निष्कर्षाकडे झुकला तो असा की, भावनेचा थेट पाठलाग करू नये, पात्र त्या क्षणी काय करत आहे ती कृती नेमकेपणाने करावी, म्हणजे भावना तिच्यामागून येते. तुझ्या बाईंनी कोणाचे नाव न घेता तुम्हाला हेच शिकवले असण्याची दाट शक्यता आहे. चांगला दिग्दर्शक ‘रागाव’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘ते पत्र त्याच्या हातातून काढून घे.’ तुझ्या लेखालाही हीच सूचना लागू कर. ‘बाई प्रेमळ होत्या’ हे वाक्य खोड आणि त्यांनी कोणत्या तालमीत, कोणासाठी, नेमके काय केले ते लिही. ज्या विशेषणाखाली अशी एकही घटना तुला लिहिता येत नाही, ते विशेषण बाईंचे नाही असे समज आणि काढून टाक.

नाटकाच्या शिक्षकाविषयी लिहिणे इतरांपेक्षा अवघड का असते, तेही समजून घे. चित्रकलेच्या शिक्षकाच्या विद्यार्थ्यांची चित्रे उरतात, भाषेच्या शिक्षकाने तपासलेले निबंध कोणाच्या तरी कपाटात उरतात. नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो, आणि तालीम तर प्रयोगाच्याही आधी संपलेली असते. शाळेच्या नाटकात अनेक आठवडे तालमी चालतात आणि प्रयोग एखाद-दुसराच होतो. याचा अर्थ, बाईंच्या कामाचा फार मोठा भाग प्रेक्षकांनी पाहिला नाही, मुख्याध्यापकांनी पाहिला नाही, त्यांच्या घरच्यांनीही पाहिला नाही. घरच्यांना फक्त एवढेच कळत असणार की त्या आजही उशिरा आल्या. त्या कामाचे साक्षीदार तुम्ही विद्यार्थीच आहात, आणि त्या वेळी तुम्ही चौदा-पंधरा वर्षांचे होतात, स्वतःच्या संवादांच्या आणि स्वतःच्या दिसण्याच्या काळजीत बुडालेले. म्हणून बक्षिसांची आणि गाजलेल्या प्रयोगांची यादी हा लेखाचा गाभा होऊ शकत नाही. ती एका परिच्छेदात उरकता येईल, उरकावी. तुझा खरा वेळ तालमीच्या खोलीत जायला हवा.

माणसांच्या आठवणी गोळा करण्याआधी कागद गोळा कर, कारण कागद कमी बोलतो पण आपले म्हणणे बदलत नाही. बाईंच्या घरच्यांना विचारून त्यांच्या संहितांच्या प्रती पाहायला मिळतात का ते बघ. दिग्दर्शकाच्या प्रतीत संवादांच्या कडेच्या कोऱ्या जागेत हालचालींच्या खुणा असतात: कोण कोणत्या विंगेतून येतो, कोणत्या शब्दावर उठतो, कोठे थांबतो. या खुणा बहुधा पेन्सिलीने केलेल्या असतात, कारण त्या बदलणार हे दिग्दर्शकाला माहीत असते. खोडलेल्या जागांकडे विशेष लक्ष दे. एखादे लांबलचक स्वगत तिघांत वाटून दिलेले दिसेल. मूळ संहितेत नसलेला एखादा पोस्टमन किंवा पहारेकरी कडेला उगवलेला आणि त्याच्यापुढे एका मुलाचे नाव लिहिलेले दिसेल. लेखकाच्या संहितेत असे फेरफार करावेत की नाहीत हा वेगळा वाद आहे, आणि संहितेचे हक्क कोणाकडे असतील तर तो परवानगीचाही प्रश्न आहे. शाळांमधून त्याकडे सर्रास दुर्लक्ष होते, हे मला आवडत नाही. तरीही त्या खोडाखोडीतून एक शिक्षिका समोरच्या मुलांकडे बघून दररोज कोणते निर्णय घेत होती, ते तुला वाचता येईल. लेखाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

दुसरा कागद म्हणजे कार्यक्रमपत्रिका. तिचे दर्शनी पान सोडून दे आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरांतली नावे वाच: वेशभूषा साहाय्य, ध्वनिसंयोजन, प्रॉम्प्टर (म्हणजे आडून संवाद सुचवणारा), रंगमंच व्यवस्था. लागोपाठच्या चार-पाच वर्षांच्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्यास तर एकेका नावाचा प्रवास दिसू लागेल. समज, एका मुलीचे नाव पहिल्या वर्षी कपडेपटात आहे, दुसऱ्या वर्षी ती प्रॉम्प्टर आहे, तिसऱ्या वर्षी तिला दोन वाक्यांची भूमिका आहे आणि चौथ्या वर्षी ती नाटकाची नायिका आहे. प्रेक्षकांना चौथ्या वर्षीची मुलगी दिसली. बाईंना मात्र ती पहिल्या वर्षीच दिसलेली असू शकते, आणि मधली दोन वर्षे हा त्यांचा हिशेब असू शकतो: प्रॉम्प्टरला सगळे नाटक पाठ होते, ती अंधारात बसून सगळ्यांचा अभिनय पाहते, आणि तिच्याकडे कोणी पाहत नसते. लाजऱ्या मुलीला रंगमंचाची ओळख करून द्यायला याहून सुरक्षित जागा नाही. असा प्रवास तुला सापडला तर त्या मुलीला, म्हणजे आज जी मोठी बाई असेल तिला, गाठून विचार की, प्रॉम्प्टिंगला बसायला कोणी सांगितले आणि काय शब्दांत सांगितले. आणि असा प्रवास सापडलाच नाही, दरवर्षी त्याच तीन-चार मुलांना मोठ्या भूमिका मिळालेल्या दिसल्या, तर तेही एक उत्तरच आहे. ते लपवू नकोस.

पात्रनिवडीवर तुझ्या मसुद्यात एक ओळही नाही, आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते. शाळेतल्या नाटकाच्या शिक्षकापुढे दरवर्षी येणारा सर्वांत कठीण दिवस प्रयोगाचा नसतो, भूमिका जाहीर करण्याचा असतो. येणारी मुले जास्त आणि भूमिका थोड्या. त्यातही अनेक जुन्या नाटकांत पुरुषपात्रे अधिक आणि निवडीला येणाऱ्यांत मुली अधिक. ज्या वयात वर्गात कोण कोणाशेजारी बसले याने आठवडा खराब होतो, त्या वयाच्या मुलांना ‘तू नाहीस’ हे सांगायचे, आणि तरीही त्यांनी उद्या तालमीला यावे असे वागायचे, हे व्यावसायिक दिग्दर्शकाला कधी करावे लागत नाही. तुझ्या बाई ते कसे करत होत्या? यादी फलकावर लावून निघून जात, की एकेकाला बोलावून सांगत? न निवडलेल्यांना काय काम देत, आणि ते काम खरोखर नाटकाला लागणारे असे की केवळ मन राखण्यापुरते? मुलांना हा फरक ताबडतोब कळतो. प्रकाशयोजनेची कळ ज्याच्या हातात आहे, त्याने अर्धा क्षण उशीर केला तर नायकाचा मृत्यू हास्यास्पद होतो, हे ज्या मुलाला समजावून सांगितले गेले त्याला आपल्याला डावलले असे वाटत नाही. म्हणून माझी तुला अट अशी की, मुख्य भूमिका केलेल्या जितक्या जणांशी बोलशील तितक्याच न निवडलेल्यांशी बोल. नायक झालेले लोक बाईंची तोंडभरून स्तुती करतील आणि त्यातून तुझ्या हाती फारसे काही लागणार नाही. त्यांना बाई जिथे सोप्या होत्या तिथेच भेटल्या. नाव यादीत नसलेली, तरीही पुढच्या वर्षी परत आलेली मुले तुला जे सांगतील, त्यातून लेख उभा राहील. परत न आलेल्यांपैकीही कोणी बोलायला तयार झाले तर मुद्दाम ऐकून घे.

आठवणी कशा गोळा करायच्या याविषयी तू विचारलेच आहेस. माजी विद्यार्थ्यांच्या सामाईक गटात ‘बाईंच्या आठवणी पाठवा’ असे आवाहन करण्याची घाई करू नकोस. माणसे एकत्र बसून आठवू लागली की सगळ्यांचे मिळून जितके आठवते, ते तीच माणसे एकेकटी बसून जितके आठवतील त्याच्या बेरजेपेक्षा कमी भरते, असे मानसशास्त्रज्ञांना प्रयोगांत वारंवार आढळले आहे. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीची वाट मोडते. शिवाय पहिल्या दोघांनी जो सूर लावला तोच पुढचे वीस जण धरतात. त्यामुळे प्रत्येकाशी आधी स्वतंत्र बोल, टिपणे काढ, आणि मग हवे तर सर्वांना एकत्र बसव. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवून दिले होते की, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणूस ती आपल्या समजुतीत बसेल अशी नकळत घडवत जातो. दोन जणांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला तर कोणी खोटे बोलतो आहे असे समजू नकोस. दोन्ही तऱ्हा शेजारी ठेव आणि कागदाशी ताडून पाहा. दुसरीही एक गोष्ट ध्यानात असू दे. मध्यम वय ओलांडलेल्या माणसांना आपल्या आयुष्यातला साधारण १० ते ३० वर्षांच्या दरम्यानचा काळ इतर काळापेक्षा अधिक ठळक आठवतो, आणि बाईंचे सगळे विद्यार्थी नेमक्या याच काळात त्यांच्यापुढे उभे होते. त्यामुळे आठवणींची उणीव तुला भासणार नाही. अडचण येईल ती सगळ्या आठवणी उजळलेल्या असल्याची.

प्रश्न विचारताना ‘बाई कशा होत्या’ असे विचारू नकोस. त्या प्रश्नाला विशेषणाखेरीज उत्तर नाही. संवाद विसरलास तेव्हा त्या काय करत, असे विचार. रंगीत तालीम कोलमडली त्या संध्याकाळी त्या कोठे उभ्या होत्या? प्रयोग चालू असताना त्या विंगेत असत की प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीशी? आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही हे त्या कसे सांगत, ओरडून की शेवटच्या रांगेत जाऊन बसून? अशा प्रश्नांची उत्तरे माणसे उठून, हातवारे करून देतात. ती हालचालही टिपून घे.

आता एक नाजूक मुद्दा. मसुद्यात तू लिहिले आहेस की, बाई नेहमी म्हणत, ‘भूमिका लहान नसते, नट लहान असतो.’ त्या म्हणत असतीलच. नाटकाचे जवळजवळ सगळेच शिक्षक म्हणतात. स्टॅनिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को १८९७ मध्ये मॉस्कोतल्या एका उपाहारगृहात भेटले आणि नव्या नाट्यसंस्थेविषयी रात्र उलटेपर्यंत बोलत राहिले, त्या भेटीच्या आठवणींत हे वचन येते. ते बाईंच्या नावावर लावलेस तर जाणकार वाचक तुझ्या पुढच्या वाक्यांवरही अविश्वास दाखवेल. तेच त्यांच्या खेळांचे. एकमेकांसमोर उभे राहून एकाने दुसऱ्याचे प्रतिबिंब व्हायचे, हा जो आरशाचा खेळ तू ‘बाईंनी शोधून काढलेला’ म्हटला आहेस, तो जगभर खेळला जातो आणि तो रूढ करण्यात व्हायोला स्पोलिन या अमेरिकन शिक्षिकेचा मोठा वाटा आहे. शिकागोमध्ये निरनिराळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांसोबत काम करताना तिने असे खेळ घडवले, कारण भाषणे देऊन अभिनय शिकवण्यापेक्षा खेळातून तो मुलांपर्यंत लवकर पोहोचतो हे तिला दिसले होते. १९६३ मध्ये ते पुस्तकरूपाने आले आणि शिक्षकांच्या हातोहात पसरले. त्याचप्रमाणे बाई एके दिवशी दार उघडून भलत्याच कोणीतरी होऊन वर्गात आल्या आणि तासभर त्याच भूमिकेतून तुमच्याशी बोलत राहिल्या, असे तू लिहितोस. शिक्षकाने स्वतः भूमिकेत शिरून वर्ग चालवण्याची ही पद्धत डोरोथी हीथकोट यांनी इंग्लंडमध्ये विकसित केली. चौदाव्या वर्षी कापडगिरणीत मागावर उभ्या राहिलेल्या या बाईंनी पुढे न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. हे सारे सांगण्याचा हेतू तुझ्या बाईंचे श्रेय कमी करण्याचा मुळीच नाही. नाटक शिकवण्याची विद्या अशीच शिक्षकाकडून शिक्षकाकडे, पुष्कळदा नाव गळून, येत राहिली आहे. तुझ्या बाईंनी ती कोठून उचलली, कोणत्या शिबिरात, कोणत्या पुस्तकातून, कोणा ज्येष्ठ शिक्षकाकडून, हे शोधलेस तर त्यांच्या आयुष्याचा एक संपूर्ण भाग उघडेल, जो विद्यार्थ्यांपैकी कोणालाच माहीत नसेल. आणि त्यांचे स्वतःचे काय, तर कोणता खेळ कोणत्या मुलाला कोणत्या दिवशी दिला, हे. आरशाचा खेळ सगळ्यांचा आहे. परंतु एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन मुलांना त्या दिवशी समोरासमोर उभे करण्याचा निर्णय त्यांचा होता.

मसुद्यातील एका वाक्याखाली मी रेघ मारली आहे: ‘बाईंनी त्याचे तोतरेपण बरे केले.’ हे असे लिहू नये. अनेक जणांनी एका सुरात बोलताना किंवा गाताना तोतरेपण बहुतेकांच्या बाबतीत पुष्कळ कमी होते, हे वाचोपचार करणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे, आणि भूमिकेत शिरल्यावर अस्खलित बोलणारे लोकही आढळतात. परंतु समूहातून बाहेर पडल्यावर, भूमिका उतरवल्यावर ते परत येऊ शकते, आणि तुझा तो मित्र आजही काही शब्दांवर थांबत असेल. ‘बरे केले’ हे वाचून त्याला काय वाटेल? तू सांगतोस त्याप्रमाणे बाईंनी त्याला समूहगीताच्या पहिल्या ओळीत उभे केले, नंतर समूहातच दोन वाक्ये दिली, आणि तो अडखळला तेव्हा इतर पात्रांनी काय करायचे हेही ठरवून ठेवले. एवढेच लिही, आणि तेही त्याला दाखवून, त्याची संमती घेऊन. चमत्काराचा शिक्का मारलास की शिक्षिकेची हुशारी दिसेनाशी होते.

हाच विवेक इतरत्रही ठेव. नाटकाच्या तालमीला येणारी मुले शिक्षकापाशी असे काही बोलून जातात जे घरीही बोलत नाहीत. कोणी तुला विश्वासाने सांगेल की बाईंनी मला अमुक संकटात सावरले. त्यातले छापायचे किती हे सांगणाऱ्याने ठरवायचे, तू नव्हे. बाईंच्या आजारपणाचे आणि शेवटच्या दिवसांचे तपशीलही कुटुंबाच्या इच्छेवर सोड. माझे मत विचारशील तर दोन ओळींपेक्षा अधिक नकोत. जन्मतारीख, शिक्षण, नोकरीची वर्षे, नातेवाइकांची नावे घरच्यांकडून लेखी घे. शोकाच्या धांदलीत सांगितलेली वर्षे हमखास चुकतात आणि एकदा छापली की पुढच्या प्रत्येक लेखात तशीच उतरतात. त्या नाटकाशिवाय आणखी कोणते विषय शिकवत होत्या, नाटकाच्या कामाचे त्यांना वेगळे मानधन मिळत होते की ते शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत पदरमोड करून चालले होते, सभागृहाची वेळ मिळवण्यासाठी कोणाकोणाची मनधरणी करावी लागत होती, हेही विचार. कलेच्या शिक्षकांच्या श्रमाला ‘आवड’ म्हटले की त्याचा हिशेब ठेवण्याची गरज उरत नाही, आणि तुझ्या मसुद्यातही ‘त्यांना नाटकाचे वेड होते’ या वाक्याने नेमके तेच झाले आहे.

बाईंच्या रागाविषयी तू एक अक्षरही लिहिलेले नाहीस, पण पत्रात मात्र तुम्ही सगळे त्यांना किती घाबरत होतात ते तीन ठिकाणी आले आहे. ते लेखातही येऊ दे. त्या कशावर रागावत आणि कशावर रागावत नसत, यातून त्यांच्या मूल्यांचा नकाशा काढता येईल. संवाद विसरणाऱ्याला त्या काही बोलत नसत आणि उशिरा येणाऱ्याला तालमीबाहेर उभे करत, असे तू लिहिले आहेस. याचा अर्थ, चुकणे त्यांना चालत होते, इतरांना ताटकळत ठेवणे चालत नव्हते. मात्र राग सगळाच असा समजूतदार नसतो. कोणाला त्यांचा शब्द लागला असेल, कोणाला त्या पक्षपाती वाटल्या असतील, तर त्याची नोंद वकिली न करता कर. ‘पण त्यामागे प्रेमच होते’ हे वाक्य मला तुझ्या लेखात नको आहे. ते तुला माहीत असण्याचा काही मार्ग नाही.

त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी दोघे पुढे नावाजलेले नट झाले, म्हणून तू त्यांच्यावर पानभर मजकूर खर्च केला आहेस. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद लागतो आणि तो राजापुढे येतो. त्या साऱ्या भांडणामागे राजाला मालविका दृष्टीस पडावी एवढाच विदूषकाचा डाव असतो, ते सोड. पण निवाड्याला बसलेली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, एक मार्मिक गोष्ट बोलते. कोणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, कोणाला ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे उत्तम साधते, आणि ज्याला दोन्ही साधते त्यालाच शिक्षकांत अग्रस्थानी बसवावे, असे ती म्हणते आणि परीक्षा शिष्याच्या प्रयोगावरून घ्यायला लावते. दरबारात ते ठीक आहे, तेथे शिष्य निवडून घेतलेले असतात. हायस्कूलच्या शिक्षिकेकडे मात्र जे येतील ते शिष्य. त्यांतले बहुतेक आयुष्यात पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवत नाहीत. मग कला दुसऱ्यापर्यंत कोठे पोहोचली ते पाहायचे तर नटांकडे पाहून भागणार नाही. ‘नाटकाने मला आत्मविश्वास दिला’ असे सगळे म्हणतील. तेथे थांबू नकोस, आणखी खोदून विचार. कोणी सांगेल की समोरच्याचे वाक्य पुरते संपेपर्यंत मी अजूनही थांबतो. कोणी सांगेल की प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखलेली असे आणि वापरून झाली की ती तेथेच परत ठेवावी लागे, आणि आज माझ्या कामाच्या ठिकाणी मी तसेच करते. त्या नटांना प्रत्येकी एक वाक्य पुरे. ते रागावणार नाहीत; रागावले तर बाईंचा तेवढा धडा त्यांच्याकडून राहून गेला असे समज.

सभेविषयी थोडेसे. लेख आणि भाषण एकच असू नये. पाच मिनिटांत सहाशेच्या आसपास शब्द नीट बोलून होतात, म्हणून एकच प्रसंग निवड, तो पूर्ण सांग आणि बसून घे. घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. जेथे जीभ अडखळेल ते वाक्य कागदावर कितीही छान दिसत असले तरी बदल. बारा जणांनी भाषणे करण्यापेक्षा बाईंनी बसवलेल्या एखाद्या नाटकातला प्रवेश वेगवेगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी संहिता हातात धरून वाचावा, असे मी सुचवीन, आणि संहितेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी या वेळी तरी रीतसर घ्या. प्रकाशयोजना त्या वेळी ज्यांनी केली होती त्यांनीच पुन्हा करावी आणि ज्यांना कधी भूमिका मिळाली नाही त्यांना वाचनात पहिली संधी द्यावी. बाईंच्या नावाने पुरस्कार ठेवायचा असे तुमच्यात घाटते आहे, त्यालाही माझी हरकत नाही. फक्त तो सर्वोत्कृष्ट अभिनयासाठी असू नये. तसे पुरस्कार पुष्कळ आहेत, आणि शाळेत तो दरवर्षी कोणाला मिळणार हे मुलांना आधीच माहीत असते. प्रॉम्प्टरसाठी ठेवा, रंगमंच व्यवस्था पाहणाऱ्यासाठी ठेवा.

स्मरणिकेच्या शेवटी बाईंच्या सर्व नाटकांतील सर्व मुलांची नावे छापावीत, वर्षवार, कपडेपटापासून नायकापर्यंत एकाच आकाराच्या अक्षरांत. संपादक मंडळी पानांचा खर्च पुढे करतील. तेव्हा माझ्या मते तुझ्या लेखातली दोन पाने कमी झाली तरी चालतील, ही यादी मात्र राहिली पाहिजे. जुन्या पत्रिकांत नावे चुकीची छापलेली असतात, लग्नानंतर काहींची बदललेली असतात, काही मुले ऐनवेळी बदलल्यामुळे पत्रिकेत एक आणि रंगमंचावर दुसरे असेही झालेले असते. म्हणून प्रत्येक नाव निदान दोघांकडून पडताळून घे. मुद्रिते तपासण्यात माझे आयुष्य गेले आहे, तेव्हा यादी टंकलिखित झाली की लेखाच्या आधी तीच मला पाठव, आणि सोबत पत्रिकांच्या छायाप्रतीही पाठव.

तुझी शुभचिंतक